'चिनी रास' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की चायनीज झोडिॲकला, म्हणजे जन्मवर्षावरून ठरणाऱ्या १२ प्राण्यांच्या चक्राला, मराठीत 'चिनी रास' म्हणतात ते बरोबर आहे का, आणि जानेवारी २००० मधला जन्म असेल तर ड्रॅगन धरायचा की ससा.

दुसरं सोपंय, ससा. चिनी नवं वर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी अमावस्येच्या दिवशी लागतं, २००० साली ते ५ फेब्रुवारीला लागलं, त्यामुळे जानेवारीतली समस्त बाळं आदल्या, म्हणजे सशाच्या वर्षातली. व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यात नुसतं साल दिलेलं असतं म्हणून हा घोळ होतो.

आता 'रास'. मला हा शब्द खटकतो. आपली रास म्हणजे जन्मवेळी चंद्र आकाशाच्या ज्या तीस अंशांच्या भागात असेल तो भाग, चंद्र सव्वादोन दिवसांत तिथून पुढे सरकतो. चिनी प्राण्याचं तसं नाही, तो वर्षाला दिलेला असतो, म्हणजे शाळेतला अख्खा वर्ग जवळपास एकाच प्राण्याचा! मग आपल्याकडे याच्या जवळ काय येतं तर संवत्सर. आणि हे उगाच ओढूनताणून नाही हं, तिकडे १२ प्राण्यांबरोबर लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं यिन-यांग (प्रत्येकाच्या दोन परस्परपूरक बाजू) धरून १० होतात आणि दोन्ही चक्रं एकेक घर पुढे सरकत राहतात, १० आणि १२ चा लसावि ६०, म्हणून ६० वर्षांनी तीच जोडी परत. आपली संवत्सरंही प्रभव ते क्षय साठच.

त्यामुळे नुसतं 'घोडा' म्हणून भागत नाही, कुठला घोडा ते बघतात. १९६६ हे अग्नी-घोड्याचं वर्ष होतं, त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जड जातात असा जपानात समज, तर तिथले जन्म आदल्या वर्षीपेक्षा साधारण पाव हिश्शाने घटले. (आपल्याकडे मंगळाच्या मुलीचं जे करतात तेच.) २०२६ परत अग्नी-घोडा.

कुणी म्हणेल प्राणीच आहेत तर 'योनी' म्हणा, गुणमिलनात मूषक, व्याघ्र, वानर, अश्व असतातच की. पण ती नक्षत्रावरून ठरते, वर्षावरून नाही. शिवाय जुळवायचे नियमही वेगळे, चिनी पद्धतीत समोरासमोरचे प्राणी, उदाहरणार्थ उंदीर आणि घोडा, एकमेकांशी भांडणारे, आणि आपण समसप्तक, म्हणजे एकमेकींपासून सातव्या, समोरासमोरच्या राशी लग्नाला चांगल्या मानतो.

मी तरी 'वर्षप्राणी' लिहितो, बोलताना 'सशाच्या वर्षातला' म्हटलं की झालं. आठव्या प्राण्याला मात्र कुठे मेंढी दिसेल, कुठे बोकड, दोन्ही चालतं, कारण चिनीत 'यांग' (हा यिन-यांगमधला नव्हे) दोघांनाही म्हणतात. व्हिएतनामी तक्ता हाती लागला तर सशाच्या जागी मांजर असेल, ती छपाईची चूक समजू नका.