इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि आपण

प्रिय बाळ,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण मोबाइलवर दोन ओळींत ते मावलं नसतं. आज दुपारी वही घेऊन बसलोय.

तू लिहिलंस, ‘सर, या वर्षी निवड चाचणीला नको. सराव पुरेसा झालेला नाही. मणिपूर-हरियाणाच्या मुली येणार, त्यांच्यापुढे माझं हसं होईल. पुढच्या वर्षी नक्की जाते.’

‘सराव पुरेसा झालेला नाही.’ हे चार शब्द मी या आधीही वाचलेत. 1950 साली ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला आपण का जात नाही याची जी कारणं आपल्या फुटबॉल महासंघाने दिली, त्यात हे एक होतं. दुसरं होतं संघनिवडीवरून झालेले मतभेद.

तू शाळेत ऐकलेली गोष्ट वेगळी असणार. आपली पोरं अनवाणी खेळायची, फिफाने बूट घालायला सांगितलं, म्हणून भारताने नाव मागे घेतलं, अशी. कोल्हापुरात कुठल्याही पेठेत कट्ट्यावर विचार, हेच सांगतील. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच सांगत होतो. त्या काळच्या आपल्या संघाचे कप्तान शैलेन मन्ना यांनी पुढे स्वतः ही गोष्ट खोडून काढली. बूट हे कारण नव्हतंच. त्या पात्रता गटातून बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतली आणि आपल्याला एकही मॅच न खेळता जागा मिळाली. लांबचा प्रवास होता, पण खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलवाले तयार होते. गटही ठरला होता: इटली, स्वीडन, पॅराग्वे आणि आपण. आपल्या त्या वेळच्या लोकांना ऑलिम्पिक मोठं वाटायचं, वर्ल्ड कपचं मोल कुणाला कळलं नव्हतं. त्यामुळे गेलो नाही. तो गट तीनच संघांचा झाला. स्वीडनने इटलीला 3-2 हरवलं, पॅराग्वेशी 2-2 बरोबरी केली आणि पुढे त्या स्पर्धेत तिसरा नंबर मिळवला.

आपले लोक गेले असते तर? बहुधा सपाटून मार खाल्ला असता. मला त्याचं काही वाटत नाही. मला छळतं ते हे, की त्या तिघांपैकी कुणाशी आपले किती गोल झाले असते हे आता कधीच कळणार नाही. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये आपण त्यानंतर आजवर पोचलेलो नाही.

बूटवाली गोष्ट इतकी वर्षं का टिकली, यावर मी बराच विचार केलाय. त्या गोष्टीत दोष दुसऱ्याचा आहे आणि आपण गरीब, भोळे, अन्याय झालेले. ऐकायला बरं वाटतं. खरी गोष्ट ऐकायला जड आहे, कारण दार उघडं होतं आणि आपणच घरी बसलो.

आता याच्या दोन वर्षं पुढे ये. 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक. समोर युगोस्लाव्हिया. आपण हरलो 10-1. एक गोल अहमद खानचा. थंडी होती, आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, आणि त्या मैदानावर जे व्हायचं ते झालं. याला म्हणतात हसं होणं. पण ते झाल्यावर महासंघाने बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळण्याचा जो अभिमान 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी 2-1 अशी झुंज दिल्यावर आपल्याला चढला होता, तो दहा गोलांनी उतरवला. (त्या फ्रान्सच्या मॅचमध्ये आपण दोन पेनल्टी घालवल्या होत्या. त्यातली एक मन्नांची. त्याच मन्नांनी 1951 मध्ये दिल्लीत कप्तान म्हणून आशियाई सुवर्णपदक उचललं. फायनलला इराणवर 1-0, गोल मेवालालचा.)

त्याच युगोस्लाव्हियाशी आपली पुन्हा गाठ पडली 1956 मध्ये, मेलबर्न ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला. चारच वर्षांनी. सेमीफायनलपर्यंतच्या वाटेत एक मॅच हंगेरीने माघार घेतल्यामुळे फुकट मिळाली हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण क्वार्टर फायनलला यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी 4-2 हरवलं, आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. हा मुलगा आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळून मोठा झालेला. आज मुंबईत किती पोरांना त्याचं नाव माहीत आहे, हे विचारायचीसुद्धा मला भीती वाटते.

मग ती सेमीफायनल. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्या हाफमध्ये पहिला गोल केला तो भारताने. पुन्हा नेव्हिल. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी दहा घातले होते, तो संघ आता एक गोलने मागे होता! ती आघाडी काही मिनिटंच टिकली. शेवटी 4-1 असे हरलो, ब्राँझच्या मॅचला बल्गेरियाकडूनही 3-0 हरलो आणि चौथे आलो. मला विचारशील तर आपल्या फुटबॉलच्या इतिहासातली माझी सगळ्यात आवडती वेळ म्हणजे ती काही मिनिटं. सुवर्णपदकं त्यानंतर.

या सगळ्या काळात संघाच्या मागे उभे होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. त्यांचं एक तुझ्या कामाचं सांगतो. ते पोरांच्या अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात फक्त कच्च्या पायानेच खेळायचं. तुला आठवतं, मी जूनमध्ये तुम्हाला पंधरा दिवस उजवा पाय ‘बंद’ करायला लावला होता आणि तू तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आली होतीस? ती कल्पना माझी नव्हती.

1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा तुला थोडीफार माहीत आहे, पण त्यातलं एक बघ. आपली पहिलीच मॅच आपण हरलो होतो. दक्षिण कोरियाकडून, 2-0. मग थायलंडला 4-1, जपानला 2-0, सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामला 3-2. आणि फायनलला समोर कोण? पुन्हा तोच दक्षिण कोरिया. स्टेडियममध्ये लाखभर माणूस आणि जवळपास सगळा आपल्या विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल आपल्या एका क्रीडा अधिकाऱ्याने यजमानांवर टीका केली होती. जर्नेल सिंग हा आपला बॅक. तुझ्याच जागेवरचा माणूस. आधीच्या एका मॅचमध्ये त्याचं डोकं फुटलं होतं, टाके घातले होते. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवलं नाही आणि मागेही उभं केलं नाही, थेट पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. टाके घातलेल्या डोक्याचा बॅक, फायनलमध्ये फॉरवर्ड! पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांत दुसरा जर्नेलने. 2-1 ने सुवर्णपदक. त्या संघात मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, मुंबईत टाटांकडून खेळलेला. रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सर होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले.

त्यानंतरचं मी भरभर सांगतो, कारण तिथे रेंगाळायला मन होत नाही. 1964 च्या आशियाई कपात उपविजेते. 1970 मध्ये बँकॉकला जपानला 1-0 हरवून ब्राँझ. 1960 नंतर पुरुष संघ ऑलिम्पिकला पुन्हा गेला नाही. 1984 मध्ये सिंगापूरला आशियाई कपला गेलो, चार मॅच, एकही गोल नाही, इराणशी एक 0-0. मग थेट 2011. मग 2019, जिथे थायलंडला 4-1 हरवलं आणि शेवटच्या मॅचला बहारीनने अगदी शेवटी पेनल्टीवर आपल्याला बाहेर काढलं. 2024 च्या जानेवारीत कतारला तीन मॅच, पुन्हा एकही गोल नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डावर, आपल्याच माणसांसमोर, सिंगापूरकडून 2-1 हरलो आणि 2027 च्या आशियाई कपची वाट बंद झाली. याची कारणं एका पोराच्या पायात शोधायची नसतात. शाळांच्या पातळीवर वयोगटाच्या नियमित लीग किती ठिकाणी चालतात, वर्षाला पोराच्या वाट्याला मॅच किती येतात, महासंघाचा कारभार कसा चालतो, हे सगळं त्यात आलं. तो राग माझ्या पिढीने करायचा आहे. तुझ्या पाठीवर मला तो टाकायचा नाही.

तुझ्या पाठीशी जो इतिहास आहे, तो वेगळा आहे आणि तो तुला कुणी शिकवलेलाच नाही.

भारताच्या मुली महिलांच्या आशियाई कपची फायनल दोनदा खेळल्यात. 1980 च्या सुरुवातीला कालिकतला, चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, हरल्या. 1983 मध्ये बँकॉकला, थायलंडकडून 3-0 हरल्या. त्यांच्या त्या मॅचचं चित्रीकरण बघायला मिळावं म्हणून मी किती शोधलं, मला नाही मिळालं.

आणि 2022. आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, महिलांचा आशियाई कप झाला. यजमान आपण. पहिली मॅच इराणशी 0-0. दुसरी 23 जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, समोर चायनीज तैपेई. संघात इतक्या जणींना कोविड झाला होता, की खेळायला लागतात त्या तेरा जणीही उभ्या राहिल्या नाहीत. मॅच झालीच नाही. नियमाप्रमाणे भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणशी झालेली मॅचसुद्धा हिशोबातून पुसली गेली. मी त्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो होतो, चहा गार झाला होता. 1950 मध्ये जायचं होतं तर गेलो नाही, आणि या पोरी तयार होत्या तर त्यांना मैदानावर उतरता आलं नाही.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस, पण त्याचा धागा तुला कुणी दाखवला नसेल. 2025 चा जुलै, चियांग माई. पात्रता फेरीची शेवटची मॅच, जिंकेल तो आशियाई कपला. समोर थायलंड, त्यांच्याच देशात. क्रमवारीत आपल्या बऱ्याच वर, दोन वर्ल्ड कप खेळलेला संघ. त्याच थायलंडने बँकॉकला आपल्याला तीन घातले होते. संगीता बासफोरने पहिला गोल केला. हाफ टाइमनंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. त्यानंतर पुन्हा संगीता. 2-1. पात्रता फेरी खेळून आशियाई कपला जाण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ. बेचाळीस वर्षांनी त्या पत्त्यावर उत्तर पोचलं.

युगोस्लाव्हिया, कोरिया, थायलंड. तिघांकडूनही आधी हरलो आणि मग पुन्हा त्यांच्यासमोर उभे राहिलो. इटली-स्वीडनच्या त्या गटाचं असं काही सांगता येत नाही.

आता माझं. मी हे कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. एकोणीस वर्षांचा असताना मला राज्याच्या निवडीसाठी बोलावणं आलं होतं. पोस्टकार्ड होतं, वडिलांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. गुडघा थोडा दुखत होता. खरं सांगायचं तर खेळता येण्याइतका बरा होता. मी म्हटलं, या वर्षी नको, पुढच्या वर्षी पूर्ण तयारीने जातो. पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. वडील कधी काही बोलले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ते कार्ड सापडलं, घडी न पडलेलं.

तुझ्या खेळातलं जे कच्चं आहे ते मला माहीत आहे आणि तिथल्या निवड समितीलाही पाच मिनिटांत कळेल. बॉल हवेत असताना तू तो पडायच्या आधीच दोन पावलं मागे सरकतेस. परवाच्या रविवारी तीनदा सरकलीस. चौथ्या वेळी नाही सरकलीस, पुढे येऊन डोक्याने काढलास आणि सरळ राइट हाफच्या पायात दिलास. तो एक बॉल त्यांना दिसायला हवा. तिथे मणिपूरची एखादी पोर तुला दोनदा चकवून जाईल, जाऊ दे. तिसऱ्यांदा ती कुठल्या बाजूने येते ते बघून ठेव. तिचं नाव विचार, तिच्यासोबत जेव. ती रोज किती वेळ बॉलसोबत असते हे विचार आणि वहीत लिहून आण.

निवड झाली नाही तर रडायचं असेल तर रड, पण गाडीत बसल्यावर. आणि आल्यावर पहिल्यांदा घरी जा, आईला भेट, मग मैदानावर ये.

तिकिटाचं मी तुझ्या मामांशी बोललोय, ते सोबत येतील. आधार कार्ड, जन्मदाखला आणि तीन फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घाल. तुझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटलाय, गुरुवारपर्यंत शिवून घे. नवे बूट घालून चाचणीला जायचं नाही, पाय सोलवटतात. शनिवारी सकाळी सहाला शाहू स्टेडियमच्या गेटवर भेट, तासभर फक्त हवेतले बॉल घेऊ.

तुझे,
सर