वाचकांचे प्रश्न: सायकलच्या मागच्या हबला दाते किती हवेत?

प्रश्न: माझी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे वेताळ टेकडीवर जातो. खाणीजवळच्या दगडी चढावर पेडल थांबवून पुन्हा मारलं की पाय आधी रिकामाच खाली जातो आणि तोल जातो. दुकानदार म्हणतो, 690 पॉइंटचा हब घ्या. फुल सस्पेन्शनवर उतार मारणारा मित्र म्हणतो, पैसे वाया घालवू नकोस. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, वारजे

उत्तर: मित्राचं म्हणणं त्याच्या सायकलपुरतं बरोबर आहे, तुमच्या नाही. पण दुकानदाराकडेही लगेच धावू नका.

हब म्हणजे चाकाच्या मध्यातला भाग, आणि चाकाच्या एका फेऱ्यात तो जितक्या जागी पकडतो तितके त्याचे पॉइंट. तुमचा हब 18 पॉइंटचा असावा असं धरतो. म्हणजे पकड येईपर्यंत चाकापाशी 20 अंशांची ढिलाई. पुढे 32 दाते आणि मागे सगळ्यात मोठी 51 ची चकती असेल, तर तीच ढिलाई क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी, 32 अंश होते. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर हे अंतर साडेनऊ सेंटिमीटर भरतं. हाताचा पंजा आडवा धरून बघा, जवळपास तेवढंच. मागे 11 च्या चकतीवर तीच ढिलाई जेमतेम 7 अंश उरते, म्हणून बाणेर रस्त्यावर काही जाणवत नाही आणि टेकडीवर नेमका घात होतो. तिथे पेडल दगडाला लागू नये म्हणून आपण पूर्ण फेरा न मारता अर्धा-अर्धा मारतो, आणि दर वेळी ते साडेनऊ सेंटिमीटर फुकट जातात.

36 पॉइंट घेतलेत की हे अंतर निम्मं होईल. मी तिथेच थांबलोय. हब डीटी स्विस कंपनीचा, आतल्या दातेरी चकत्या बदलून 18 चे 36 केले. हत्यार लागत नाही, नुसत्या हाताने निघतात. तुमच्या हबमध्ये तशी सोय आहे का ते आधी पाहा. 690 म्हणजे साधारण अर्धा अंश. छानच वाटतं, पण त्या पैशात चांगले टायर येऊन वर उरतील, आणि मुरुमावर चाक घसरतंय ते दाते वाढवून थांबणार नाही.

मित्राची गोष्ट वेगळी. मागचं सस्पेन्शन दबलं की बऱ्याच फ्रेममध्ये क्रँक आणि मागचं चाक यांच्यातलं अंतर वाढतं, चेन ओढली जाते आणि पेडल पायाला मागे झटका देतं. ब्रेकने चाक अडलेलं असेल तर जास्तच. हबमधली ढिलाई त्यातला बराच झटका गिळते. त्याला 18 लखलाभ.

प्रश्न: पावसाळ्यात हब कधी पकडतो, कधी नाही. दाते झिजले का?
— एक वाचक, कात्रज

उत्तर: आधी उघडून बघा. आतले खटके, ज्यांना जुने मिस्त्री ‘कुत्री’ म्हणतात, घट्ट ग्रीसमध्ये रुतून बसतात. एका जुलैत मीच शहाणपणा करून बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरलं होतं. दोन दिवसांनी चढावर उभा राहून जोर लावला, कुत्री उठलीच नाहीत, पेडल सुटलं आणि गुडघा हँडल धरणाऱ्या स्टेमवर आपटला. आता पातळ ग्रीस, तेही बोटभर नाही, बोटाच्या टोकावर येईल इतकं. बारीक दात्यांच्या हबला तर याहून जपा.

प्रश्न: हब फार वाजतो, फिरायला येणारे आजोबा चिडतात. शांत कसा करू?
— एक वाचक, पाषाण

उत्तर: ग्रीस थोडं वाढवा (थोडंच, वरची कथा वाचलीत ना). दात्यांऐवजी स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने घट्ट पकडणारा, बिनदात्यांचा क्लच) असलेला हब जवळपास मुका असतो आणि लगेच पकडतो, पण जड आणि महाग. मी वाजणारा ठेवलाय. वळणापलीकडच्या आजोबांना तो आधी ऐकू जातो, मुका घेतलात तर घंटी लावा.