हजारो रिझल्ट येतात, गाळायचं कसं?

प्रश्न: सर, मी एमए इतिहासला आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारने काढलेल्या कामांवर पेपर लिहायचाय. जेस्टोरवर (संशोधनपर लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर) पूर्ण वाक्य टाकून शोधलं तर हजारो रिझल्ट येतात, त्यात आफ्रिकेचेच जास्त. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: अगं, आधी ते वाक्य टाकणं बंद कर. त्या काळी लिहिणाऱ्याने कुठले शब्द वापरले असतील ते वहीत काढ, सगळी मेख इथेच आहे, कारण तेव्हाच्या सरकारी इंग्रजीत दुष्काळाला सर्रास स्केअर्सिटी म्हणायचे आणि तू नुसतं ड्राउट टाकलंस तर बरेच कामाचे लेख हाताला लागणारच नाहीत. म्हणून ड्राउट, स्केअर्सिटी, फॅमिन हे तिन्ही ऑरने जोडून एका कंसात घाल, पुढे अँड, मग महाराष्ट्र. अँड-ऑर कॅपिटलमध्येच हां. रिलीफ वर्क्स हे दोन शब्द एकत्रच हवेत ना, मग ते डबल अवतरणचिन्हात टाक.

तरी ढीग आलाच तर फक्त शीर्षकात शोध. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे लेखाच्या सारांशात, शोधायचा सल्ला सगळेच देतात, पण जेस्टोरवर बहुतेक लेखांना ॲब्स्ट्रॅक्टच नाहीये, तिथे चांगले लेख गळून जातात. त्यापेक्षा ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) एवढंच जर्नल निवड, त्याचे 1966 पासूनचे अंक तिथे आहेत, आणि साल 1970 ते 1980 लाव. रोजगार हमीपर्यंत जाणार असशील तर साल पुढे ने, कायदा 1977 चा असला तरी अंमल 1979 पासून.

एक चांगला लेख सापडला की सर्च बॉक्स सोड! त्याच्या तळटीपा वाच, मागचं सगळं तिथे मिळतं. पुढचं हवं तर तोच लेख गूगल स्कॉलरवर टाकून सायटेड बाय दाब, म्हणजे त्याचा संदर्भ देणारे नंतरचे लेख दिसतील, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्या या दुष्काळावरच्या लेखनापासून सुरुवात केलीस तरी भरपूर सापडेल. शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंधाची प्रकरणं बहुतेक वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, संदर्भसूचीची फाइल आधी उघड, अख्खा प्रबंध वाचत बसू नकोस (काही वाचवतही नाहीत).

राहिला पैशाचा प्रश्न. जेस्टोरचं फुकट अकाउंट काढून महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात, आणि कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ऑनलाइन वाचनसाहित्य पुरवणाऱ्या योजनेचं) सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घे, तो घरूनही चालतो.