उपाशीपोटी लघवीत साखर नाही, म्हणजे मधुमेह नाही?

वडिलांना मधुमेह, तुमचं वय 36. मेडिकलमधून पट्ट्या आणून सकाळी उपाशीपोटी लघवी तपासली, रंग बदलला नाही. आता निर्धास्त राहायचं का, हा तुमचा प्रश्न. एवढ्यावर अजिबात राहू नका.

रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या (रक्तसाखरेचे पुढचे आकडेही याच मापात) वर गेली तरच ती लघवीत उतरते. त्याखाली असेल तर मूत्रपिंडं ती परत शोषून घेतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाची उपाशीपोटीची साखर असते 100 ते 125. म्हणजे तुम्हाला जे वेळेत पकडायचंय, ते पट्टीला दिसतच नाही. उपाशीपोटी 140 असलेला, म्हणजे मधुमेहीच, त्याचीही सकाळची पट्टी कोरी निघू शकते. लघवीला मुंग्या लागायची वाट बघणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

आणलेल्या पट्ट्या वापरायच्याच असतील तर जेवणानंतर वापरा. जेवून दीड तास झाला की एकदा लघवीला जाऊन या, अर्ध्या तासानं पुन्हा जी होईल ती तपासा. तुंबून राहिलेल्या लघवीत मागच्या कित्येक तासांचा हिशेब मिसळलेला असतो. पट्टी बुडवून लगेच काढा, भांड्याच्या कडेला निथळा, आडवी धरा. साखरेचा चौकोन बहुतेक पट्ट्यांवर 30 सेकंदांनी बघायचा असतो. डबीवर वेळ लिहिलेली असते. उशिरा बघितलेला रंग धरायचा नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की पट्ट्या गेल्याच म्हणून समजा. आतली ओल शोषणारी पुडी काढू नका, डबी फ्रीजमध्येही ठेवू नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर साखर असूनही पट्टी कोरी राहू शकते. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर येणारच, औषधाचं कामच ते. गरोदरपणातही रक्तातली साखर ठीक असताना ती लघवीत उतरू शकते.

तुम्ही रक्तच तपासा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात द्या नाहीतर गल्लीतल्या लॅबला. आठ-दहा तास उपाशी राहून एकदा, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांनी. सोबत एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. दोन तासांची 140 ते 199 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 टक्के आली तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. ग्लुकोजच्या जागी उसाचा रस पिऊन जाऊ नका, त्यात साखर किती गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

लघवीची खरी गरज वडिलांना आहे, पण ती साखरेसाठी नव्हे. मूत्रपिंडाला मार बसू लागलाय का, हे बघायला त्यांची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही (लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन किती जातंय ते सांगणारी) तपासणी वर्षातून एकदा करा. 30 मिलिग्रॅम/ग्रॅमच्या आत हवं. साध्या पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन इतकं बारीक पकडत नाही. नमुना सकाळचा पहिला द्या. रंकाळा तलावाला भरभर फेरी मारून थेट लॅबला गेले, ताप असला किंवा लघवीला जळजळ असली, तर आकडा उगाच वाढतो. वाढलेला आला तरी तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा तपासा. तिन्हीपैकी दोनदा जास्त निघाला तरच तो धरतात.