दादाभाईंची ३७ वर्षं

तुम्ही विचारलंत, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन लंडनला यावं का, तिथे आपल्या माणसाला वर जाऊ देतात का. शेवटी लिहिलंत, 'दादाभाई नौरोजी तर तिकडे खासदार झाले होते.' व्हिसाचे नियम आणि फी सरकारी साइटवर सापडेल. मी लिहितेय ते त्या शेवटच्या ओळीमुळे.

माझं ऑफिस लंडनच्या क्लार्कनवेल भागात. जवळच नौरोजी स्ट्रीट नावाची गल्ली आहे. दादाभाई १८९२ मध्ये इथल्याच सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून लिबरल पक्षातर्फे निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजची प्राध्यापकी सोडून, कामा कंपनी या व्यापारी पेढीचे भागीदार म्हणून ते इथे आले १८५५ मध्ये! मधली ३७ वर्षं बघा. व्यापार, बडोद्याची दिवाणगी, मुंबई-लंडन फेऱ्या, १८८६ ला होबर्नमध्ये पराभव. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी भर सभेत म्हणाले, की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील असं वाटत नाही. खासदार झाले तेव्हा वय ६६. १८९५ ला हरले, १९०६ ला नॉर्थ लॅम्बेथमध्ये पुन्हा हरले. शेवटी मुंबईला परतले, वर्सोव्याला राहिले.

कायदा तुमच्या आड येणार नाही. आपण राष्ट्रकुलातले, त्यामुळे भारतीय पासपोर्टवरही इथे राहणाऱ्याला संसदेसाठी मत देता येतं. कायम राहण्याची परवानगी मिळाली की उभंही राहता येतं. पहिल्यांदा मत दिलं त्या संध्याकाळी मी आईला फोन केला होता.

कागदपत्रांचं सांगायचं तर बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक बँकेचं स्टेटमेंट. आमचे सहा आठवडे त्यात गेले. मी एका काउंटरसमोर रडलेय. पण ते निस्तरतं. एकटेपणाचंही तसंच. नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं, पहिली दोन वर्षं जड जातात, मग माणसं भेटतात.

निस्तरलं नाही ते एकच. मुलगी सात वर्षांची होती. शाळा सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तर तिच्या बाई म्हणाल्या, 'घरी इंग्रजीच बोला, नाहीतर ती मागे पडेल.' आम्ही दोघं शिकलेसवरलेले, तरी घाबरलो. बालभारतीची पुस्तकं मी बॅगेत भरून माळ्यावर टाकली. आता ती सोळाची आहे. आजीचा फोन आला की 'हो', 'बरी आहे', आणि फोन माझ्या हातात. परवा आईने विचारलं, 'ती माझ्यावर रागावलीय का गं?' मला उत्तर देता आलं नाही. बाईंचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांचं ऐकल्याबद्दल माझा स्वतःचाही.

दादाभाई १८५६ पासून काही वर्षं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये गुजरातीचे प्राध्यापक होते. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी नौरोजी स्ट्रीटच्या पाटीखाली बराच वेळ उभी होते. ज्या गावात त्यांनी आपली भाषा परक्यांना शिकवली, तिथे मी माझी भाषा माझ्याच लेकीच्या तोंडून काढून घेतली.

या तुम्ही, मी नको म्हणणार नाही. पण मुलाची मराठी पुस्तकं सामानात घ्या, आणि शाळेत कुणी काहीही म्हणालं तरी जेवताना मराठीच बोला. घर कुठल्या भागात बघताय ते कळवा. शनिवार-रविवारी मराठीचे वर्ग कुठे चालतात ते शोधून देते. हे मी तेव्हा शोधलं नव्हतं.