कोकणात कायमचं राहायला जायचंय, आपल्या विचारांना जुळणारं गाव कसं शोधायचं?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून, सात वर्षांच्या मुलीला घेऊन कोकणात कायमचं राहायचं ठरतंय. रासायनिक औषधांशिवाय शेती, मोजक्या गरजा, जातपात आणि कर्मकांडापासून लांब, आणि जमलं तर घरातून समुद्र दिसावा. दापोली, गुहागर की देवगड, असं विचारलंय.

मी आणि नवरा 2016 च्या जूनमध्ये ठाण्याहून दापोली तालुक्यात आलो. दोघांपैकी कुणाचंच मूळ गाव कोकणातलं नाही. पहिली दोन वर्षं किनाऱ्यालगतच्या एका गावात भाड्याने राहिलो, आणि तेव्हापासून समुद्रापासून बरंच आत, खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आहोत. त्यावरून सांगते, तालुका ठरवून काहीच ठरत नाही. एकाच गावातल्या दोन वाड्यांचं पाणी वेगळं, माणसं वेगळी, शिमग्याला पालखी येण्याचा दिवसही वेगळा. तुमचा रोजचा संबंध वाडीशी येणार आहे, तेव्हा वाडी बघा.

समुद्र दिसायला हवा हा हट्ट आमचाही होता. किनाऱ्यावरचं ते घर दृष्ट लागावी असं होतं. शुक्रवार संध्याकाळ झाली की मात्र गावात गाड्या शिरायच्या, रविवार दुपारपर्यंत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाड्यांच्या फेऱ्या आणि रात्री स्पीकर. तक्रार कुणाकडे करणार? शेजारच्या प्रत्येक घरात पर्यटकांसाठी खोल्या होत्या, त्यांच्या मुलांची शिक्षणं त्यावर चालली होती. आम्हाला शांतता हवी होती आणि त्यांना गिऱ्हाईक, आणि गाव त्यांचं होतं. विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ व्हायचं. त्यात भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतची जमीन सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येते, आणि विरळ वस्तीच्या गावांत त्यातल्या पहिल्या 200 मीटरमध्ये नवं घर बांधायला साधारणपणे परवानगी मिळत नाही. खाडीकाठालाही नियम आहेत, अंतरं वेगळी. ‘बांधून घ्या, पुढचं मी बघतो’ असं म्हणणारा एजंट तुम्हालाही भेटेल. त्याला तिथेच नमस्कार करा.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरून येणारा प्रत्येकजण इथेच फसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर येतो, हे पुण्यात बसून खरं वाटत नाही. पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, आणि उतार असा की पावसाचं पाणी बघता बघता पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाड्यांच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात. म्हणून गणपतीत येऊन हिरवंगार बघून जागा पसंत करू नका. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारा की आत्ता किती पुरुष पाणी आहे (एक पुरुष म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी खोली) आणि दिवसातून किती वेळा भरू देतात. विकणारा माणूस ‘बारमाही’ म्हणतो, खरं उत्तर त्या बायका देतात. दुसरं, पावसाळा सरल्यावर त्या वाडीत पऱ्ह्यावर बंधारा घालतात का ते विचारा. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून सगळी वाडी मिळून दोन बंधारे घालते. त्याने खालच्या विहिरींचं पाणी टिकतं हे तर झालंच, पण मी ही वाडी निवडली ती त्या बंधाऱ्यावर एक सकाळ घालवल्यावर. सगळी घरं हजर होती, कुणी आलं नसेल तर त्याने चहा-साखर पाठवली होती. ज्या वाडीत भावकीच्या भांडणापायी बंधारा बंद पडलाय, तिथे तुमचंही कुठलं काम धड होणार नाही.

मे नंतर एकदा जुलैमध्ये या, आणि निदान दहा दिवस राहा. भिंतींना येणारी ओल, कपाटातल्या कपड्यांची बुरशी, दोन-दोन दिवस नसणारी लाईट, आणि दिवस मावळताच पडणारा काळोख सोसतो का ते तेव्हाच कळतं. मला तो काळ सगळ्यांत प्रिय आहे, नवऱ्याला चार पावसाळे जड गेले. डोंगराच्या पायथ्याशी घर बघत असाल तर तहसील कार्यालयात गाव दरडप्रवण यादीत आहे का ते विचारा. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं आणि त्याच दिवशी चिपळूण बुडालं. हे आठवून अजूनही पाऊस वाढला की रात्री झोप लागत नाही.

जातपात आणि कर्मकांड. तुम्ही हे एका वाक्यात लिहिलंत, म्हणून मला थोडी काळजी वाटली. कोकणातल्या वाड्यांची नावंच सांगतात त्या कशा वसल्या: कुणबीवाडी, बौद्धवाडी, तेलीवाडी, ब्राह्मणवाडी, मोहल्ला. तुम्ही जात मानत नसाल, पण तुम्ही घर कुठल्या वाडीत घेतलं त्यावरून लोक तुमच्याबद्दल अंदाज बांधतात, आणि आडनाव विचारून तो पक्का करतात. किनाऱ्यावरच्या आमच्या पहिल्या गावात, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना आम्ही आमच्याच कपात चहा देतो हे कळल्यावर शेजारून निरोप आला की तसं करू नका. आम्ही ऐकलं नाही. आमचं दूध दोन महिने बंद झालं. मोठं भांडण काही झालं नाही, नुसतं दूध येईना. आताच्या वाडीतही एक आजोबा आमच्याकडे पाणी घेत नाहीत, आजतागायत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात आमची निम्मी कौलं उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा वाऱ्याचा जोर उतरल्याबरोबर आमच्या छपरावर प्लास्टिक बांधायला सर्वांत आधी चढलेला मुलगा त्याच आजोबांचा. सव्वीस दिवस लाईट नव्हती आणि त्या सव्वीस दिवसांत त्यांच्या घरून आम्हाला कुळथाची पिठी येत होती. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. मी त्या तशाच तुमच्यापुढे ठेवते.

देवाचंही तसंच. आम्ही पूजा करत नाही. पहिल्या शिमग्याला शेजारच्या काकी सरळ विचारायला आल्या, “पालखी दारात येनार, तुमी काय करनार?” आम्ही खरं ते सांगितलं, की आम्ही हात जोडू, पण नवस नाही, ओटी नाही, वर्गणी मात्र सगळ्यांइतकी देऊ आणि आलेल्यांना सरबत करू. त्या म्हणाल्या, “मग झालं की.” पुढच्या वर्षीपासून नवरा पालखी नाचवायला खांदा देतो. गावकीच्या बैठकीत आम्ही बोलत नाही, कारण तिथे मानकऱ्यांचे मान आणि जुने हक्क यांचा हिशेब असतो. ग्रामसभेत मात्र बोलतो, कारण ती कायद्याने सगळ्यांची आहे. मतदार यादीत नाव घातल्यावर तिथे बोलायचा हक्क मिळतो, तो वापरा. कर्मकांडापासून पूर्णपणे लांब राहायचं असेल तर गाव शोधू नका, कुंपण घातलेला प्लॉट शोधा. तसे प्रकल्प आता खूप झालेत. मला तिथे राहवणार नाही.

शेतीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही. औषधांशिवाय शेती करायची असेल तर हापूसच्या बागांच्या मधोमध जागा घेऊ नका. देवगड, राजापूर, रत्नागिरीच्या किनारपट्टीला सड्यावर सलग कलमं आहेत. मोहोर आला की तुडतुडे ही कीड आणि भुरी या बुरशीसाठी फवारणीवर फवारणी होते. बाग कराराने दिलेली असेल तर जास्तच, कारण करारवाल्याला यंदाचं पीक हवं असतं, झाडाचं पुढचं आयुष्य त्याच्या हिशेबात नसतं. पंपाचा फवारा गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, बघून थांबत नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने अशा ठिकाणी दोन एकर घेतले, मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आणि दोन मोसमांत पेट्या रिकाम्या झाल्या. त्यांनी काय केलं? जमीन विकायला काढली. तुम्हाला भात, नाचणी, कोकम, फणस, बांबू असलेला आतला पट्टा जास्त मानवेल. तिथे त्रास वेगळा आहे: वानर, माकडं आणि रानडुकरं. भाजीपाला आणि भुईमूग आम्ही तीन वर्षांत सोडला. हळद टिकते, माकडं तिला तोंड लावत नाहीत. आणि फेब्रुवारीनंतर सड्यावर वणवे लागतात, तेव्हा जागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, काढायला जागा आहे का, शेजारी त्या कामाला येतात का, तेही विचारा. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. तिथे जाऊन माती दाखवा, रोपं घ्या. तिथल्या मंडळींशी रासायनिक खतांवरून माझे वाद होतात, पण जातीवंत रोप मी अजून तिथूनच आणते.

कागदांचं थोडक्यात. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर राज्यात कुठेही सातबारा असेल तर तो आधी काढून ठेवा. आम्हाला सासऱ्यांच्या साताऱ्याच्या पाऊण एकराने तारलं. नसेल तर गावठाणातलं घर किंवा रीतसर बिनशेती झालेली जागा बघा. कोकणात सातबारा बहुतेक सामाईक असतो. आमची पहिली जागा हातातून गेली ती त्यावर तेवीस नावं होती म्हणून. बावीस सह्या झाल्या, तेविसावे बडोद्याला. त्यांनी ‘आजोबांची जागा आहे, विकायची नाही’ म्हटलं आणि विषय संपला. मला त्यांचा राग आला नाही, बयाणा दिला होता त्याचं मात्र वाईट वाटलं. सगळ्या सह्या होईपर्यंत पैसे देऊ नका. घर घेताना आणखी एक बघा: ग्रामपंचायतीत घरपट्टी विकणाऱ्याच्या नावे असते, पण घराखालची जमीन सामाईक किंवा दुसऱ्याच कुणाची असते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), इतर हक्कांत कुळाचं नाव, किंवा वनाची नोंद दिसली तर तालुक्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि दारापर्यंतची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कुणाच्या जमिनीतून येते हेही विचारा. इथली निम्मी भांडणं वाटेची आणि गडग्याची असतात.

तब्येतीसाठी दोन प्रश्न पुरे: रात्री दोन वाजता गाडी कोण देईल, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का. फुरसं हा विषारी साप इथे घराच्या आसपास सापडतो, तेव्हा रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, मुलीलाही ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, आता तो तालुक्यातल्या डॉक्टरांना माहीत असतो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, तपासणी करून घ्या.

तुमच्या मुलीच्या शाळेबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मी तुमच्या जागी असते तर तेच आधी विचारलं असतं. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत आत्ता नऊ मुलं आहेत. शिक्षिका जीव लावून शिकवतात, मुलं चौथीत धडाधड वाचतात, पाखरांची नावं मला त्यांनी शिकवली. पण तिच्या वयाची मुलगी त्या नऊत एकच आहे, आणि पाचवीपासून एसटीने सात किलोमीटर जावं लागतं. मैत्रिणी हव्यात म्हणून शहरात परत गेलेलं एक कुटुंब मला माहीत आहे, बाकी सगळं त्यांना जमलं होतं. तेव्हा जागा बघायला याल तेव्हा शाळा चालू असताना या, मुलीला एक-दोन दिवस त्या वर्गात बसवा, बाईंशी बोलून ते सहज होतं. मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर खेळते ते बघा आणि घरी जाताना तिला विचारा.

निदान एक वर्ष भाड्याने राहा. मुंबईकर चाकरमान्यांची बंद घरं प्रत्येक वाडीत आहेत, झाडलोट आणि दिवाबत्ती होईल एवढ्यावर काहीजण देतातही, फक्त गणपती आणि शिमग्याला त्यांच्यासाठी खोल्या मोकळ्या कराव्या लागतात. तुमचं विकत घ्यायचं बजेट आणि मुलीची इयत्ता कळवलीत तर आमच्या बाजूच्या कुठल्या वाड्यांत मे महिन्यात पाणी बघायला जावं ते लिहीन.