पहिल्या पिढीतील वकिलास

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात शेजारी उभा असलेला समवयस्क वकील तुमच्याहून हुशारच आहे, असे मानून घेऊ नका; वडिलांचे कार्यालय, ग्रंथसंग्रह, अनुभवी कारकून आणि जुने पक्षकार त्याला सनद मिळाल्याच्या दिवशीच लाभले, तर तुम्हाला खोलीच्या भाड्याची विवंचना आहे. पहिली तीन-चार वर्षे मिळकतीवाचून काढणे ज्याला परवडते तोच बहुधा या व्यवसायात टिकतो, आणि मग त्या परवडण्यालाच लोक चिकाटी म्हणतात. हे मी स्वतःवरूनच सांगतो, कारण माझे पहिले वकीलपत्र मामांच्या ओळखीतून आले होते.

म्हणून वरिष्ठ निवडताना त्यांच्या नावलौकिकापेक्षा ते कनिष्ठांना दरमहा विद्यावेतन देतात काय, हे संकोच न करता विचारा. जिल्हा न्यायालयातील धनादेश न वटल्याची प्रकरणे कमी लेखू नका, कारण उलटतपासणीत हात तिथेच बसतो. तीन वर्षांचा अनुभव झाला की 1987 च्या अधिनियमाखाली गरजूंना मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीसाठी अर्ज करा. मानधन तुटपुंजे असते, पण निदान पक्षकार शोधून आणण्याची जबाबदारी तुमच्यावर नसते.